वारस लावणाऱ्या बाई

सुरगाण्याहून मी हात हलवत परत आले. जाताना दहा हात मांजरपाट, रंगांचे डबे, सात ब्रश आणि भलामोठा उत्साह घेऊन गेले होते. येताना पिशवीत थोडी नागली, म्हणजे आपली नाचणी, खुरासणीच्या म्हणजे कारळ्याच्या चटणीची पुडी आणि गेरूने माखलेली एक सलवार, एवढंच होतं. कापड तिकडेच राहिलं. "म्हणजे तुम्ही ते तिथे विसरलात का?" असं मुंबईच्या संस्थेतल्या बाईंनी मला फोनवर तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणाले. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझा पारा चढला आणि मी फोन ठेवला. फोनवर जे सांगता आलं नाही ते इथे सांगते. जे त्या बाजूला कधी गेले नाहीत त्यांनाही बरं, आणि माझंही डोकं जरा शांत होईल.

मी पंचवटीत वाढलेली. बारा वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मग ते सोडून वस्त्यांमध्ये, पाड्यांवर जाऊन तिथल्या लोकांना बरोबर घेऊन मोठी चित्रं करायला लागले. संस्थेच्या कागदावर मी 'कम्युनिटी आर्टिस्ट' आहे. आमच्या गल्लीत अजूनही 'ती भिंती रंगवते ती' असंच म्हणतात. दोन हजार आठच्या दिवाळीआधी या संस्थेने मला काम दिलं: सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर आठवडाभर राहायचं, लोकांच्या आठवणींतून दहा हात लांब चित्र करायचं, ते नाशिकच्या प्रदर्शनात मांडायचं. विषय, 'सांस्कृतिक वारसा आणि आपलेपणा'. सोबत एक यादीही जोडली होती. तारपा, म्हणजे भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, हवा, देव हवेत, सण हवेत, निसर्गाशी असलेलं नातं हवं. ते नातं कसं दिसतं हे मात्र यादीत कुठे लिहिलेलं नव्हतं.

स्टँड आणि जीप

वणीपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. वणीच्या पुढे घाट लागला, बोरगाव गेलं, आणि सुरगाण्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा मांजरपाटाच्या गुंडाळीवर आख्खी बस पाय ठेवून उतरलीय हे माझ्या लक्षात आलं. तिथून पाड्याकडे जीप. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून आम्ही पाच जण होतो आणि ड्रायव्हरचं अर्धं अंग दाराबाहेर होतं. भात कापून झालं होतं. खाचरं मोकळी, उतारावर कुठे कुठे नागली उभी, आणि उतरणाऱ्या ट्रकांत माणसं, भांडी, कोंबड्या. दिवाळी संपली की इकडची घरंच्या घरं द्राक्षाच्या बागांत कामाला निघतात. मला ज्या लोकांबरोबर चित्र काढायचं ते लोक माझ्या समोरून उलट्या दिशेने चालले होते. संस्थेने ही तारीख कोणाला विचारून ठरवली होती, देव जाणे.

ड्रायव्हरने माझ्या गुंडाळीकडे पाहिलं. "तूच का ती वारस लावणारी बाई?"

इकडे सगळ्यांना तूच म्हणतात. देवालाही आणि साहेबालाही. त्याचं काही नाही. पण 'वारस लावणारी' ऐकून मला वाटलं, 'वारसा'ला इकडे असं म्हणत असतील. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "हो, वारसाचंच काम आहे." आत्ता लिहितानाही स्वतःच्या डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटतो. ड्रायव्हर मागे वळून ओरडला, "हीच ती, हीच ती," आणि मागच्या सगळ्या बायाबापड्यांनी मला राम राम केला. एवढं आगतस्वागत मला नाशिकमध्ये कधी मिळालं नव्हतं. मी खूश झाले.

पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली जमिनीची प्रकरणं अजून मिटलेली नाहीत आणि माझ्या लिहिण्याने कोणाला त्रास व्हायला नको.

शाळेचा ओटा

शाळेच्या ओट्यावर माणसांची रांग होती. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. रेशनकार्ड, मृत्यूचे दाखले, घडीवर फाटलेल्या पावत्या, आणि एकाकडे तर वडिलांचा फोटो म्हणून निवडणुकीचं ओळखपत्र. मी उतरल्याबरोबर पहिल्या माणसाने त्याची पिशवी माझ्या हातात दिली. "आज्याचं नाव हाय. त्याच्या जागी माझं लाव."

मी म्हणाले, "मला तुमच्या आज्याच्या आठवणी सांगा ना."

"मेला," तो म्हणाला. "दाखला आत हाय."

एवढ्यात गावित गुरुजी धावत आले. हे तिथल्या शाळेचे शिक्षक, तिथल्याच पट्ट्यातले, आणि माझी सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. पाड्यावर फोन लागत नव्हता, म्हणून त्यांनी सुरगाण्याहून जीपवाल्याकडे निरोप दिला होता की नाशिकहून सांस्कृतिक वारसा गोळा करणाऱ्या बाई येताहेत. जीपवाल्याने 'सांस्कृतिक' वाटेत गाळलं. राहिलेल्या शब्दाचा अर्थ इथे एकच होता. बाप मेला की त्याच्या जमिनीवर मुलांची नावं चढवायची, त्याला वारस लावणं म्हणतात, आणि त्यासाठी तालुक्याला जाऊन माणसं थकून गेलेली असतात. आता ते काम करणारी बाई आपल्या पायांनी दारात आली होती.

"गुरुजी," मी म्हणाले, "तुम्हाला दुसरा शब्द नाही मिळाला?"

"ताई, शब्द तुमच्याच पत्रातला आहे," ते म्हणाले, आणि खिशातून पत्र काढून दाखवायला लागले.

त्यांनी रांगेला समजावलं. ही बाई तलाठी नाही, चित्रं काढते. रांग मोडली नाही. मग त्यांनी मला समजावलं. इथल्या बहुतेक घरांनी जंगलाच्या उतारावर जमीन फोडून पिढ्यान्‌पिढ्या नागली पिकवलेली आहे. त्या तुकड्याला इथे प्लाट म्हणतात. त्याचा कागद कोणाकडेच नाही. आता नवीन वनहक्क कायदा आला आहे, दावा करायचा आहे, आणि कागद नसला तरी म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो, जागेवरची जुनी खूण चालते. बांध, झाड, विहीर, पुरल्याची जागा. पाचव्या दिवशी पाड्याच्या समितीची सभा होती. त्या दिवशी कोणता प्लाट कोणाच्या नावाने जायचा ते ठरणार आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं गाव बागांना निघणार.

"मग असं करा ना ताई," गुरुजी म्हणाले, "तुम्ही प्लाटांचंच चित्र काढा. म्हातारे सांगतील, तुम्ही काढा. सभेत टांगू."

"गुरुजी, मला तारपा काढायचा आहे."

"तारपा काढा की एका कोपऱ्यात."

त्या दिवशी मी कोणाशीही नीट बोलले नाही, हे कबूल करते.

मंजुळाच्या घरी

माझी राहायची सोय मंजुळाकडे होती. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी बाई. नवरा तिचा घरजावई, म्हणजे लग्न करून बायकोच्या घरी राहायला आलेला. तो आधीच बागेत गेला होता. मी तिला पहिल्यांदा "मंजुळाबाई, तुम्ही" म्हणाले तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय ते.

"कधी जाशील?" हा तिचा पहिला प्रश्न.

मी अजून पाय धुतले नव्हते. आमच्या पंचवटीत पाहुण्याला असं कोणी विचारलं तर दोन्ही घरांत दहा वर्षं बोलणं बंद होईल. ती परत म्हणाली, "कधी जाशील?" मी फणकाऱ्याने सांगितलं, सहा दिवसांनी. ती उठली आणि कणगीतून नागली काढून जात्याशी ठेवली. किती दळायचं ते कळायला हवं, म्हणून विचारत होती. माझा फणकारा मला एकटीलाच पुरला.

जेवायला नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी. आमच्याकडे 'घ्या ना, घ्या ना' असं चारदा म्हटल्याशिवाय कोणी पोटभर जेवत नाही. इथे भाकरी समोर ठेवतात आणि तुमच्याकडे पाठ करून बसतात, म्हणजे तुम्हाला हवं तेवढं लाज न वाटता खाता येतं. मी आग्रहाची वाट बघत दोन दिवस अर्धपोटी राहिले. चहा कोरा, गुळाचा. दूध वासराचं, असं मंजुळाने सांगितलं आणि विषय संपला. तिसऱ्या दिवसापासून मला तोच चहा आवडायला लागला, पण हे मी तिला बोलून दाखवलं नाही, कारण तोवर आमचं दगडांवरून भांडण लागलेलं होतं.

त्याआधी तिची गोष्ट सांगायला हवी. ती तिने सांगितली नाही, गुरुजींनी सांगितली. तिचा बाप सोमा भोये, वारून बरीच वर्षं झाली. त्याला मुलगा नाही, मंजुळा एकुलती. त्याचा वरच्या उतारावरचा प्लाट आजही मंजुळाच करते. पण तिचा चुलतभाऊ लक्ष्मण म्हणत होता की जमीन भोयांची आहे, मंजुळाचा नवरा भोये नाही, तेव्हा दाव्यावर नाव माझं. आपल्या कथा-कादंबऱ्यांत असतो तसा हा लक्ष्मण दुष्ट वगैरे नव्हता. माझ्यासाठी रोज सकाळी झऱ्यावरून पाण्याचा हंडा तोच आणून ठेवायचा. त्याला चार मुलगे होते आणि जमीन पुरत नव्हती, एवढंच. या सभेत मंजुळाचं नाव लागलं नाही तर प्लाट गेला, आणि मग वर्षभर बागांमागे फिरण्याशिवाय तिला काही उरत नव्हतं.

आमचे वडील तीर्थोपाध्याय, त्यांच्याकडे यात्रेकरूंच्या वह्या होत्या. कुठून कुठून माणसं यायची आणि वडील वही काढून त्यांच्या पणजोबाची सही दाखवायचे. माणसं रडायची. त्यामुळे लहानपणापासून माझी वारशाची कल्पना तशी, सही दिसते आणि डोळे भरून येतात. त्या वह्यांत मुलींची नावं नसतात. आमच्या घराच्या पानावर माझ्या दोन्ही भावांची आहेत, माझं नाही. याचा मला इतक्या वर्षांत कधी राग आला नव्हता. मंजुळाच्या ओट्यावर बसून गुरुजींचं ऐकताना आला, आणि चांगलाच आला.

कापड

शाळेच्या ओट्यावर कापड पसरलं, गेरूचा हात दिला, आणि लोकांना म्हणाले, काढा. कोणी हात लावेना. बायकांना म्हणाले, तुम्ही भिंतींवर पांढरी चित्रं काढता ना, तशी. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. "ते वारली काढतात," एकजण म्हणाली. "पलीकडच्या पाड्यात. आम्ही कोकणा. आमच्यात नाय तसली."

संस्थेच्या यादीत 'वारली शैलीत' असं ठळक अक्षरांत होतं. कोकणा ही वेगळीच जमात; पाडा चुकला होता. डोंगराच्या एका अंगाला उतरायच्या ऐवजी मला दुसऱ्या अंगाला उतरवलं होतं, आणि मुंबईहून बघणाऱ्याला दोन्ही अंगं सारखीच दिसत असणार. मी ब्रश खाली ठेवला आणि शाळेमागे जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिले. परत आले तर ते लोक कापडाभोवती बसून माझी वाट बघत होते.

मग मी हार मानली. ते सांगायचे, मी काढायचे. नदी कुठून येते, आंबा कुठे आहे, कोणाचा आजा कुठे पुरला आहे. एकाने सांगितलं की दुसरा म्हणायचा, छट्, दोन हात इकडे. मी खोडायचे. तिसरा म्हणायचा, पहिलाच बरोबर होता. मी परत काढायचे. एका उंबरावरून दुपार गेली. शेवटी कळलं की उंबर दोन होते आणि त्यातला एक पडला होता, पण पडलेलाही काढायचा, कारण बांध त्याच्यापासून मोजतात. नसलेलं झाड कसं काढू, म्हणून विचारलं तर म्हणाले, "होतं तसं काढ."

संध्याकाळी रंग ओला असताना गुरुजींची कोंबडी कापडावरून आरपार चालत गेली. मी ब्रश घेऊन पायांचे ठसे पुसायला धावले, तर दोन म्हाताऱ्यांनी मला अडवलं. कोंबडी रोज तिथूनच जाते, राहू दे. ते ठसे अजून तिथे आहेत.

आणि मंजुळा. तिचा बांध मी सुंदर काढला होता. मोठे गोल दगड, एकाला एक लागून, पांढऱ्या रंगात उठून दिसणारे. बाकी सगळ्यांचे बांधही तसेच काढले होते. चित्राला एक लय असते, डोळा फिरायला हवा. मंजुळा आली, उकिडवी बसली, आणि म्हणाली, "माझे दगड बारके काढ."

मी म्हणाले, चित्रात असंच असतं, सगळे सारखे काढतात.

दुसऱ्या दिवशी परत, "माझे बारके काढ."

"मंजुळाबाई, लांबून बारके दगड दिसणार नाहीत."

तिसऱ्या दिवशी मी मातीच्या हाताने घाम पुसत होते, आंब्यावरून दोघे जण भांडत होते, आणि मागून शांतपणे, "बारके काढ." माझा आवाज चढला. मी म्हणाले, दगडाला काय सोनं लागलंय का, एवढं मोठं चित्र आहे, एकेकीच्या दगडांपायी मी आयुष्य घालवू का. ती उठून गेली. त्या दिवशी जेवायला डाळ रोजच्यासारखीच वाढली आणि रोजच्यासारखीच पाठ करून बसली. कारण विचारावं हे मला सुचलं नाही. माणसांच्या आठवणी ऐकायचे धडे इतरांना देत फिरते मी, आणि मला सुचलं नाही.

तिच्या बाजूने बोलेल असा एकच माणूस होता, काळूबाबा. तिच्या बापाबरोबर ज्यांनी तो उतार फोडला त्यांच्यातला हा शेवटचा उरलेला. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कानांचं त्याने सोयीप्रमाणे ठरवलेलं. मी प्लाटाचं विचारलं की म्हणायचा, "ऐकू नाय येत." तंबाखू हवी का असं पुटपुटलं तरी हात पुढे यायचा. लक्ष्मणही त्याला आजा म्हणायचा आणि मंजुळाही. कोणा एकाचं बोललं की दुसरं घर तुटणार, म्हणून म्हातारा बहिरा झाला होता. तीन दिवस मी त्याच्यामागे हिंडले. त्याने मला माकडांची गोष्ट सांगितली, गोऱ्या साहेबाची सांगितली, त्याच्या पहिल्या बायकोची सांगितली. सोमाचं नाव निघालं की कान गेले.

चौथ्या दिवशी कापड पूर्ण झालं. मी सवयीने खालच्या कोपऱ्यात सही करायला ब्रश टेकवला, तर गुरुजींनी माझं मनगट धरलं. "ताई, नको. या कापडावर ज्याचं नाव तो दावेदार. तुमच्या नावाचा प्लाट कुठला म्हणून विचारतील." मी ब्रश धुवायला गेले. पंधरा वर्षांत सही न केलेलं माझं हे पहिलं चित्र, आणि खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं.

सभा

सकाळी उन्हं आल्यावर सभा बसली. कापड शाळेच्या भिंतीवर खिळे मारून टांगलं होतं. मधोमध नदी, दोन्ही अंगांना उतार, प्लाट, बांध, असलेली आणि नसलेली झाडं. तारपा नव्हताच. त्याला जागाच उरली नव्हती. समितीचे अध्यक्ष म्हणजे पाड्यातलेच एक पोक्त गृहस्थ, त्यांना सगळे पाटील म्हणत. गुरुजी लिहून घेत होते. एकेक प्लाट भराभर होत गेला. माणूस उठायचा, कापडावर बोट ठेवायचा, कोणीतरी म्हातारा "होय, होय" म्हणायचा.

मग सोमाचा प्लाट आला. लक्ष्मण उठला. शांतपणे म्हणाला, जमीन आमच्या घराची, सोमाकाका गेला, त्याच्यामागे भोये मी. मंजुळाला मी काय उपाशी ठेवणार नाय. मंजुळा भिंतीशी उभी होती. पाटलांनी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली, "मी केली ती जमीन." एवढंच.

"सगळेच करतात," लक्ष्मण म्हणाला. "फोडली कोणी? बांध कोणी घातला? काकानं. कायद्याला तेच लागतं."

सगळे काळूबाबाकडे बघायला लागले. मला वाटलं, आता याचे कान जाणार. म्हाताऱ्याने तंबाखू थुंकली. मग म्हणाला, "सोमा हिरड्याच्या झाडावरनं पडला. प्लाट फोडला त्याच वर्षी. पाय मोडला. दोन पावसाळे उठला नाय." त्याने मंजुळाच्या दिशेने हात केला, मोतीबिंदूमुळे जरा चुकला. "ही एवढी होती. बांध हिनं घातला. मी नको म्हणलो, वाहून जाईल. रोज पाटीत चार दगड आणायची. त्या बांधाचे दगड बघा. गडी माणूस तसले दगड लावत नाय. बारके हायत."

आणि सगळ्या सभेने मान वळवून माझ्या कापडाकडे पाहिलं.

तिथे सोमाच्या प्लाटाला मोठे, गोल, एकसारखे दगड होते. पाड्यातल्या दहा-बारा गड्यांनी लावल्यासारखे. लक्ष्मणने बोट दाखवलं. "कापडावर बघा की. सगळ्यांसारखेच हायत. बाईनं चार दिवस विचारून विचारून काढलंय."

माझ्या कानांतून वाफ निघाली. राग कोणावर काढायचा तेही कळेना, कारण तो काढण्यासारखी तिथे एकच बाई होती आणि ती मी. मी उठले. "मी चुकीचं काढलं," मी म्हणाले. "मंजुळाबाईंनी मला तीनदा सांगितलं, बारके काढ. मी ऐकलं नाही. दिसायला बरं दिसावं म्हणून सगळे सारखे काढले."

"मग बाकीचं तरी बरोबर कशावरून?" लक्ष्मण म्हणाला, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. मागे कुजबुज सुरू झाली. ज्यांचे प्लाट आधी झाले होते ते अस्वस्थ झाले. एका दगडापायी माझं सगळं कापड खोटं पडायची वेळ आली होती, आणि त्याच्यासोबत मंजुळाचा प्लाट.

पाटील उठले. "चला, बघून येऊ," ते म्हणाले आणि चालायलाच लागले.

सगळी सभा उठून डोंगर चढायला लागली. म्हाताऱ्या, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, कागदांची पिशवी सांभाळत गुरुजी, आणि दोघांच्या खांद्यांवर काळूबाबा. मी सगळ्यांत मागे, धापा टाकत. मंजुळा पुढे होती, पण वाट दाखवत नव्हती; वाट सगळ्यांनाच माहीत होती. वर नागली कापून झालेली, धसकटं उभी. प्लाटाच्या खालच्या अंगाला बांध.

नारळाएवढे दगड. काही त्याहून लहान. इतकी वर्षं माती धरून बसलेले, गवताने एकमेकांत शिवलेले, खालपासून वरपर्यंत सगळे एका मुलीच्या दोन हातांत मावतील असे. कमरेएवढ्या उंचीचा बांध होता तो. शेजारच्या प्लाटाचा बांध तिथूनच दिसत होता, त्याला मांडीएवढे धोंडे होते. पाटलांनी वाकून एक दगड एका हाताने उचलला, लक्ष्मणच्या हातात दिला. लक्ष्मणने तो थोडा वेळ धरून ठेवला. मग जिथून काढला होता तिथे परत बसवला, हाताने दाबून घट्ट केला, आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

"अजून कोणाचं काय?" पाटलांनी विचारलं. माणसं उताराला लागली.

मी मंजुळाजवळ गेले. म्हणाले, "मला सांगायचं तरी कशासाठी ते."

"सांगितलं की," ती म्हणाली. "बारके काढ म्हणून."

खाली आल्यावर मी सगळ्यांसमोर तिचा बांध गेरूने पुसला आणि नव्याने काढला. एकेक दगड, वाटाण्याएवढा. दोन तास गेले. लांबून खरंच दिसत नाहीत. खाली काळूबाबाचा अंगठा घेतला, मग बाकीच्या म्हाताऱ्यांचे, आणि अंगठे उमटले तसं ते कापड माझं राहिलं नाही. गुरुजींनी त्याची घडी घालून दाव्यांच्या कागदांबरोबर ट्रंकेत ठेवली. प्रदर्शनाचं मी एकदा बोलून बघितलं. पाटील म्हणाले, "बाई, सातबारा कोणी भिंतीवर टांगायला देतं का?" संस्थेच्या बाईंना मी हेच वाक्य सांगितलं होतं. त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे.

शेवटी गुरुजी यादी वाचायला उभे राहिले. कोणाचा दावा कोणाच्या नावाने, एकेक नाव मोठ्याने. माणसं ऐकून मान हलवत होती, कोणी विडी पेटवत होतं, उद्याच्या ट्रकची बोलणी मागे चालू होती. मंजुळा मात्र सरळ उभी होती, पदर खोचून. नावं मोठ्याने वाचली जातात हे तिने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलं होतं, रोजगार हमीच्या खडीवर, सकाळी हजेरी घेताना.

"मंजुळा सोमा भोये," गुरुजींनी वाचलं.

"हजर," ती म्हणाली.

कोणीतरी हसलं. गुरुजीही हसले, म्हणाले, हजेरी नाही बाई, नुसतं वाचतोय, बस खाली. ती बसली नाही. पुढचं नाव वाचून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.